गाड्यावरची गोबी

बेळगावात दिवेलागणीनंतर चायनीज खायचं म्हणजे हॉटेल शोधायचं नाही, गाडा शोधायचा. आणि गाड्यावर पहिली ऑर्डर गोबीची, म्हणजे फ्लॉवरच्या मंचुरियनची. फ्राइड राइस, नूडल्स, मंचाव सूप हे सगळं फलकावर ओळीने लिहिलेलं असतं, पण गाड्याचं नाव होतं किंवा जातं ते गोबीवर. टिळकवाडी असो, शहापूर असो, गोवावेस असो की निपाणीतला हमरस्त्यालगतचा गाडा असो, रीत एकच. एक गिऱ्हाईक ‘हाफ गोबी द्या की’ म्हणतं, दुसरं ‘वंद प्लेट गोबी कोड्री’ म्हणतं, आणि गाडेवाला दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत विचारतो, ड्राय का ग्रेव्ही? उत्तर बहुधा ‘ड्राय’ असंच येतं. सीमाभागात दोन्ही बाजूंचं एकमत होईल असे विषय फार नाहीत. हा त्यांतला एक.

या पदार्थाकडे बघून दोन तऱ्हेची माणसं नाक मुरडतात. खाण्यातले जाणकार म्हणवणारे सांगतात, हे चिनी नव्हेच. तब्येतीची काळजी वाहणारे सांगतात, हे खाण्याजोगंच नव्हे. पहिल्यांचं खरं आहे, पण त्याने बिघडत काही नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्याच मिरचीच्या डब्यात आहे. माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या गाड्यावरची कोरडी गोबी ही कसबाची गोष्ट आहे आणि तिला तिच्याच कसोट्यांवर जोखलं पाहिजे.

पहिली कसोटी तुऱ्याची. बेळगाव हा भाजीचा मुलूख. तालुक्यातल्या गावांतून निघालेला फ्लॉवर, कोबी, बटाटा शहराच्या मार्केटात उतरतो आणि तिथून चोर्ला घाटाने गोव्यात जातो. गोव्याच्या घराघरांतली भाजी या ट्रकांवर अवलंबून असते. म्हणजे इथल्या गाडेवाल्याला माल ताजा मिळतो, आणि शिळा वापरण्याला सबब उरत नाही. थंडीतला गड्डा घट्ट, पांढरा आणि चवीला किंचित गोड असतो. पावसाळ्यातला सैल आणि पाणचट. जाणता गाडेवाला तुरा अंगठ्याच्या पेराएवढा तोडतो आणि देठाचा थोडा भाग ठेवतो. मोठा ठेवला तर आतून कच्चा राहतो, बारीक केला तर तेलात जाऊन नुसतं पीठ उरतं. मिठाच्या उकळत्या पाण्यातून तुरे काढायचे, पण लगेच. जास्त वेळ राहिले तर पुढे कितीही कुरकुरीत तळा, आत लगदाच सापडणार.

दुसरी कसोटी आवरणाची. मैदा आणि कॉर्नफ्लोअर, आलं-लसणाचं वाटण, मीठ, तिखट. यात मैदा धरून ठेवतो आणि कॉर्नफ्लोअर खुसखुशीतपणा आणतो. मैदा जास्त झाला की गोबी चिवट होते, कॉर्नफ्लोअर जास्त झालं की काचेसारखी कडक होऊन टाळू सोलते. पीठ तुऱ्याला माखलं पाहिजे, पण तुऱ्याचे पदर बुजता कामा नयेत, कारण त्या पदरांतच पुढे सॉस शिरायचा असतो. मग तळण, तेही दोनदा. संध्याकाळी गाडा लावतानाच पहिला घाणा मध्यम आचेवर काढून परातीत रचून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की तेच तुरे कडकडीत तेलात पुन्हा सोडतात. पहिल्या तळणात आतला ओलावा निघून जातो, दुसऱ्यात वरचा पापुद्रा ताठ होतो. गिऱ्हाइकी वाढली की काही जण दुसरं तळण गाळतात; गाडा उतरणीला लागतो तो इथून.

तिसरी कसोटी कढईची, आणि प्लेटचं खरं भवितव्य याच एका मिनिटात ठरतं. भट्टीचा घरघराट एवढा असतो की बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. कढईच्या तळाशी चमचा-दोन चमचे तेल, ते धुरावलं की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, ढब्बू मिरची. लसूण तांबूस व्हायच्या आत सोया सॉस, चिली सॉस, टोमॅटो सॉस पडतात, व्हिनेगरचे थेंब पडतात, आणि सॉस कडेने ओतला तर तापलेल्या लोखंडावर तो क्षणभर करपतो. हा करपट, धुरकट वास हेच गाड्याचं वैभव. कॅन्टन प्रांतातले आचारी कढईच्या या वासाला मोठा मान देतात, आणि घरच्या शेगडीवर तो साधत नाही कारण तेवढी आच मिळत नाही. आमच्या गाड्यावर बाकी काही कॅन्टनचं नसेल, हा वास मात्र आहे. सॉस आटून चकाकला की तुरे आत, झाऱ्याने चार-पाच वेळा वर-खाली, आणि लगेच प्लेटमध्ये. वर बारीक चिरलेला कोबी, कच्चा कांदा, कांद्याची पात, आणि टोचायला टूथपिक.

आता खाणं. पहिला तुरा तोंडात गेला की तीन गोष्टी एकामागून एक लागल्या पाहिजेत: आधी आंबट-खारट सॉस, मग पापुद्र्याचा कुरकुर आवाज, मग आतल्या फ्लॉवरचा मऊ गोडवा. तिखट शेवटी यावं आणि घशाशी थोडं रेंगाळावं. मधूनच कच्च्या कोबीचा गार घास घेतला की जीभ पुन्हा ताजी होते. तो कोबी शोभेसाठी टाकलेला नसतो. तीन गोष्टी एकदमच लागल्या तर समजावं, सॉस फार झाला आणि पापुद्रा भिजला. म्हणूनच इथली मंडळी ड्राय मागतात. ग्रेव्ही भाताबरोबर चांगली लागते, पण तळणीचं कसब ती झाकून टाकते. दुसऱ्यांदा न तळलेली गोबी ग्रेव्हीत सहज खपून जाते.

हा पदार्थ कुठल्या चिनी गावातून आला नाही. कुळाने तो मुंबईचा आहे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वाँग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत. 1975 साली एका गिऱ्हाइकाने काही नवं मागितलं, तेव्हा त्यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची ही आपल्याकडची फोडणी घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावलं, आणि चिकन मंचुरियन झालं. पुढे त्यांनी मुंबईत ‘चायना गार्डन’ काढलं. चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियाचा या पदार्थाशी नावापुरताच संबंध. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि कर्नाटकाने तो उचलून धरला. बेळगाव जिल्ह्यात तर लिंगायत आणि जैन घरं मोठ्या संख्येने. मांसाहाराचा वासही नको असलेल्या माणसाला मित्रांबरोबर एकाच गाड्यावर उभं राहता आलं ते फ्लॉवरमुळे. महाराष्ट्रात गेलात तर मंचुरियन म्हणून बहुधा कोबी-गाजराचे गोळे समोर येतात. गोळा करायला सोपा, पण त्यात भाजीचा आकार हरवतो. तुऱ्याची गोबी फ्लॉवरशी प्रामाणिक राहते, म्हणून माझं मत इथल्या बाजूला.

जिन्नसांची वंशावळ काढली तर अस्सल-नक्कल हा वाद पोरकट वाटू लागतो. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, फ्लॉवर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर, सोया सॉस कोलकात्याच्या चिनी वस्तीने रुजवला. त्या वस्तीची कथा सुखाची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकाठी पहिली चिनी वसाहत झाली. पुढे हक्का मंडळींनी टँग्रात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. 1962 च्या युद्धानंतर हजारो चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. अनेक कुटुंबं देश सोडून गेली. जी राहिली त्यांच्या कढईतून निघालेली चव आज प्रत्येक तालुक्याच्या गावी पोचली आहे.

जगभर असंच घडलं आहे. पेरूमध्ये चिनी मजुरांच्या स्वयंपाकातून ‘चिफा’ नावाची खानावळींची जातच तयार झाली. कोरियात काळ्या डाळीच्या सॉसमधले जाजांगम्यॉन नूडल्स चिनी हॉटेलात मिळतात, पण ते कोरियाचेच झाले. अमेरिकेत तर चिनी हॉटेलांची संख्या मॅकडोनल्ड्सच्या दुकानांहून कितीतरी जास्त आहे. तिथला प्रसिद्ध जनरल त्सो चिकन तैवानला गेलेल्या पेंग चांग-क्वेई या हुनानी आचाऱ्याने रचला आणि न्यूयॉर्कमध्ये तो गोड झाला. पांडा एक्स्प्रेस ही साखळी 1983 साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल इथे सुरू झाली आणि तिचं ऑरेंज चिकन 1987 साली आलं. पीठ लावून तळलेला तुकडा आणि त्यावर आंबट-गोड-तिखट सॉस, ही युक्ती गोबीचीच. आपल्याकडेही मेनलँड चायना 1994 पासून मुंबईतून पसरली. साखळीचा गुण असा, की चव सगळीकडे सारखी. गाड्याचा गुण नेमका उलटा. एकाच चौकातल्या दोन गाड्यांची गोबी निराळी लागते, आणि गिऱ्हाईक आपापल्या गाड्यासाठी भांडतं. रसिकता पोसली जाते ती अशा भांडणांतून.

शेजवान चटणीचं उदाहरण तर आपल्याला अगदी जवळचं. चीनच्या सेचवान प्रांताच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारं तिथलं मिरं. आपल्या लाल चटणीत त्याचा मागमूस नसतो. तिच्यात असतो लसूण आणि सुकी मिरची. पण त्या मिऱ्याचं सख्खं भावंड आपल्या घाटाखालीच आहे: कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते तिरफळ त्याच कुळातलं. सेचवानचा खरा झणका हवा असेल तर तो चोर्ला उतरून गेल्यावर सापडेल. एखाद्या गाडेवाल्याने सॉसमध्ये तिरफळाची चिमूट टाकून पाहावी, असं फार वाटतं.

उरला रंग. इथे रसग्रहणकाराने डोळे मिटून चालणार नाही. 2022 साली वास्कोच्या दामोदर सप्ताहात गोबीच्या गाड्यांना आवर घालण्याचं पाऊल गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उचललं. जानेवारी 2024 मध्ये म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत पालिकेने हे गाडे बंद केले. मग 11 मार्च 2024 रोजी कर्नाटक सरकारने गोबीत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. राज्यातून गोबीचे 171 नमुने तपासले होते, त्यांतल्या 107 मध्ये घातक कृत्रिम रंग सापडले. कापूस मिठाईत तर रोडामाइन-बी निघालं, जो कापड रंगवायचा रंग. नियम मोडणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बंदी रंगावर आहे, पदार्थावर नाही, हे गाडेवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी दोघांनीही नीट ध्यानात घ्यायला हवं होतं. अनेकांनी मात्र गोबीच वाळीत टाकली.

आणि हा रंग चवीच्या दृष्टीनेही निरुपयोगी. त्याला ना वास, ना तिखटपणा. तो फक्त करपलेलं पीठ आणि शिळा तुरा झाकतो. ज्याला लपवायचं काही नाही त्याला त्याची गरजच काय? त्यात आपण राहतो कुठे, तर मिरचीच्या माहेरघरात. ब्याडगी मिरचीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती प्रसिद्ध आहेच मुळी गडद लाल रंगासाठी, आणि तिखट बेताची. निपाणीहून बेळगावकडे येताना वाटेत लागणाऱ्या संकेश्वरची मिरची तर तिच्या तिखटासाठी पंचक्रोशीत नावाजलेली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला, दोन्ही भिजवून वाटून पिठात घातली की गोबी तांबूस-तपकिरी होते. भडक शेंदरी होत नाही, आणि तशी होऊही नये. तळलेल्या पिठाचा, आटलेल्या सोयाचा आणि मिरचीचा खरा रंग हाच.

गाडेवाल्याला हे परवडतं का, असा प्रश्न येईल. चांगली मिरची रंगाच्या पुडीपेक्षा महाग पडते, हे उघड आहे. पण भडक लाल गोबी आपण मागतो म्हणून तो करतो. मागणी बदलली तर कढई बदलायला वेळ लागत नाही.

तेव्हा बेळगावात किंवा निपाणीत गाड्यापाशी थांबलात तर आधी प्लेटकडे नाही, परातीकडे बघा. परातीतले तुरे फिकट बदामी असतील तर थांबा. आधीच लालभडक असतील तर पुढचा गाडा गाठा. ‘मामा, कलर नको, तिखट ब्याडगीचं घाला’ असं स्पष्ट सांगा, ड्राय मागा, आणि पार्सल घेऊ नका. डब्यात कोंडलेली वाफ पाच मिनिटांत पापुद्रा मऊ करते आणि एवढ्या कसबाची माती होते. गोबी गाड्यापाशी उभ्याने, गरम असतानाच खायची.