गणती, नमुना आणि अनुमान : मोठ्या वन्य सस्तन प्राण्यांच्या संशोधनाची एक चिकित्सा

कापसाच्या हजारो गासड्यांचा सौदा होत असताना प्रत्येक गासडी फोडून पाहणे शक्य नसते. मुंबईचा कापूस बाजार प्रथम कोटातील हिरवळीवर भरे. पुढे तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या भराव जमिनीवर आला. त्या भागाला कॉटन ग्रीन हे नाव या बाजारामुळेच मिळाले. तेथील व्यवहार नमुन्याच्या आधाराने चालत असे. नमुना फसवा असू शकतो याची जाणीव या व्यापाराला फार पूर्वीच झाली होती, म्हणूनच कापसातील भेसळीला आळा घालणारा कायदा मुंबई इलाख्यात १८६३ साली करावा लागला. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने प्रतींचे प्रमाणित नमुने ठेवणे आणि प्रतीसंबंधीचे तंटे तज्ज्ञांकरवी तपासून सोडविणे, ही कामे अंगावर घेतली. नमुना कोठून काढला, कोणी काढला आणि तो साऱ्या मालाचा प्रतिनिधी मानावा काय, हे तीन प्रश्न व्यापाराने शंभर वर्षांपूर्वी सोडविण्यास घेतले होते. वन्य प्राण्यांच्या संशोधनात मात्र ते फार उशिरा विचारले गेले. त्या विलंबाची किंमत वाघाने व बिबट्याने दिली, तशीच खेड्यापाड्यांतील माणसांनीही दिली.

भारतातील सस्तन प्राण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा एक महत्त्वाचा पाया मुंबईतच घातला गेला. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ ते १९२३ या काळात सस्तन प्राण्यांची जी पाहणी केली तिचा आरंभ खानदेशापासून झाला. याच खानदेशाचा कापूस मुंबईच्या बाजारात येत असे. या पाहणीचा प्रश्न स्पष्ट व मर्यादित होता : कोणती जाती कोठे आढळते? त्याचे उत्तर देण्यास संग्रहित नमुने पुरेसे होते, आणि पाहणीने त्याहून अधिक काही सिद्ध केल्याचा दावाही केला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांनंतर प्रश्न पालटला. मेळघाट हे पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पक्षेत्रांपैकी एक. तेथे वाघ आहे की नाही एवढे जाणून आता भागणार नव्हते. ते किती आहेत आणि वाढत आहेत की घटत आहेत, हे सांगणे आवश्यक झाले. प्रश्न संख्याशास्त्राचा होता, परंतु त्याला उत्तर देण्यासाठी जी पद्धत पुढे आली ती शिरगणतीची होती.

ओरिसाच्या वनखात्यातील सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मांडली. ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घ्यावी, प्लास्टरचा साचा घ्यावा, मागील डाव्या पंजाचे आकार व मापे ताडून पाहावी आणि एकेक वाघ वेगळा ओळखावा, असे तिचे स्वरूप होते. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले. २००१-०२ मध्ये हा आकडा ३,६४२ झाला. या पद्धतीला केवळ दोषच होते असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. तिच्यामुळे वनरक्षकाला आपले बीट पायाखाली घालावे लागले. माग काढण्याचे परंपरागत कौशल्य सरकारी नोंदवहीत आले. अल्प खर्चात फार मोठ्या प्रदेशावर नजर राहिली. वाघाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ठशाचे मोल आजही कमी झालेले नाही.

दोष होता तो या पुराव्यावर लादलेल्या दाव्यात. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत, धुळीत आणि वाळूत वेगवेगळा उमटतो. चाल बदलली की तो पालटतो. आकृती उतरविणाऱ्याच्या हाताचाही फरक पडतो. हे फरक दोन वाघांमधील फरकापेक्षा लहान असतात हे सिद्ध झाल्यावाचून ठशावरून व्यक्ती ओळखता येते असे मानता येत नाही. के. उल्हास कारंत यांनी १९८७ पासून हाच आक्षेप मांडला. बंदिस्त वाघांच्या ठशांवर घेतलेल्या चाचणीत परीक्षकांना वाघांची खरी संख्या सांगता आली नव्हती. परंतु याहूनही गंभीर असा दुसरा दोष आहे. जंगलातील प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, हे या पद्धतीत गृहीत धरलेले होते. जो सापडला नाही तो नाहीच, असा त्याचा अर्थ होतो. एखादी पद्धत किती प्राणी चुकविते हे ती स्वतःच सांगू शकत नसेल, तर तिने दिलेला आकडा तपासण्याचे साधनच उरत नाही. राजस्थानातील सारिस्का येथे नेमके हेच घडले. वाघ नाहीसे होत असताना कागदोपत्री ते शिल्लक राहिले, आणि २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे मान्य करावे लागले. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृती दलाच्या अहवालाने गणनापद्धतीतील बदलाला चालना दिली.

पकड-पुनःपकड पद्धतीचे श्रेष्ठत्व तिच्या यंत्रांत नसून तिच्या विचारात आहे. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांनी २० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही २० टिपले, आणि त्यांपैकी १० पूर्वीचेच निघाले. याचा अर्थ, एका फेरीत सुमारे निम्मेच वाघ टिपले जातात. म्हणून एकूण संख्या ४० च्या आसपास असली पाहिजे. वाघाच्या पट्ट्यांची किंवा बिबट्याच्या ठिपक्यांची रचना प्रत्येक प्राण्यात निराळी असते, त्यामुळे ओळख निश्चित होते. ही पद्धत न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब मांडते आणि आपल्या उत्तराची अनिश्चितताही सांगते. कारंत यांनी १९९५ मध्ये नागरहोळ येथे तिचा उपयोग दाखवून दिला. राष्ट्रीय पातळीवर ती २००६ च्या गणनेपासून रुजली. त्या वर्षीचा अंदाज १,४११ होता आणि त्याची व्याप्ती १,१६५ ते १,६५७ अशी दिलेली होती. चार वर्षांत निम्म्याहून अधिक वाघ मेले असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. तो तर्कदृष्ट्या टिकणारा नाही. दोन भिन्न पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची वजाबाकी करता येत नाही. शिवाय २००६ च्या अंदाजात सुंदरबनाचा समावेश नव्हता. ३,६४२ हा आकडा कोलमडला, एवढेच त्यावरून म्हणता येते.

नव्या पद्धतीलाही चिकित्सेतून सूट देण्याचे कारण नाही. २०१८ च्या अंदाजातील २,९६७ वाघांपैकी २,४६१ वाघांची छायाचित्रे मिळाली होती. उरलेले संख्याशास्त्रीय अनुमानाने आले. हे अनुमान मर्यादित क्षेत्रातील कॅमेऱ्यांचा निष्कर्ष आणि विस्तृत क्षेत्रातील पाऊलखुणांची नोंद यांचा मेळ घालून केले जाते. हा मेळ समजला जातो तितका भरवशाचा नाही, असे अर्जुन गोपालस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले. महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, तो २०२२ मध्ये ४४४ झाला. वाढ खरी आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या काळात कॅमेऱ्यांची संख्या व व्यापलेले क्षेत्रही वाढले आहे. वाढीचा किती भाग वाघांचा आणि किती भाग निरीक्षणाचा, हे वेगळे केल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवणे योग्य नव्हे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची महाराष्ट्रातील प्रथा लोकशिक्षण म्हणून मोलाची आहे. पण एका रात्रीत एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दिसू शकतो, आणि अवकाळी पावसाने रानात पाणी साचले असता कित्येक प्राणी पाणवठ्यावर येतही नाहीत. तिच्या बेरजेला संशोधनाचा दर्जा देता येत नाही.

आतापर्यंत मोजण्याच्या रीतीचा विचार झाला. नमुना कोणत्या चौकटीतून काढावा हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे, आणि तो बिबट्याच्या संदर्भात महाराष्ट्रातच उभा राहिला. बिबट्या हा वनातील प्राणी, शेतात दिसला तर तो वाट चुकलेला, ही समजूत इतकी दृढ होती की जंगलाबाहेर त्याची पाहणी करण्याचे कोणाला सुचलेच नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात २००१ पासून उसाच्या शेतांतील बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले २००१ ते २००३ या काळात सरासरी १७ वर गेले. पकडण्याचा ताण, परका प्रदेश आणि मूळ ठिकाणी परतण्याची ओढ ही कारणे त्यामागे संभवतात. या अभ्यासाला नियंत्रित प्रयोगाची बळकटी नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या उपायाचा परिणाम कोणी मोजत नव्हते तो मोजून पाहणे, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे.

याच संशोधकांनी अकोले तालुक्यात १७९ चौरस किलोमीटरच्या शेतीप्रदेशात कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहणाऱ्या या खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आढळले. प्रमाण त्रुटी १.२ होती. तरसांचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने वन म्हणजे वसतिस्थान ही चौकटच मोडली. मात्र या निष्कर्षाचा पुढे जो उपयोग झाला त्याबाबत सावधगिरी हवी. अकोले हे एक खोरे आहे. तेथील शांत सहजीवनावरून साऱ्या महाराष्ट्राचे अनुमान काढणे म्हणजे एका गासडीवरून साऱ्या मालाचा भाव ठरविणे होय. जुन्नर, आंबेगाव व शिरूर तालुक्यांत नंतरच्या काळातही माणसे बिबट्यांच्या हल्ल्यांत बळी पडली आहेत. ज्या घरातील मूल गेले त्या घराला सहजीवनाचा सिद्धान्त ऐकविण्यापूर्वी दोन प्रदेशांत फरक का पडतो, याचा शोध घेणे संशोधनाचे कर्तव्य आहे.

‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याचे उदाहरण याच दृष्टीने तपासण्याजोगे आहे. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे तो विहिरीत पडला. गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान कळविणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले, आणि सुमारे १२० किलोमीटर अंतर तोडून तो मुंबईच्या वेशीवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. एका प्राण्यावरून सर्व बिबट्यांची वर्तणूक सांगता येत नाही. परंतु अशी वाटचाल अशक्य आहे, हा समज खोडून काढण्यास एकच उदाहरण पुरते. उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर हे एक बेट आहे असे गृहीत धरून केलेले नियोजन त्यामुळे सदोष ठरते.

तात्पर्य, मोठ्या वन्य प्राण्यांविषयीचा कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी अभ्यासकाने तीन गोष्टी पाहाव्यात : पाहणीची चौकट कोणती होती, न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब मांडला आहे काय, आणि अनिश्चिततेच्या मर्यादा दिल्या आहेत काय. यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर तो आकडा प्रशासनाच्या अहवालात शोभेल, संशोधनात त्याला स्थान नाही. वन्य प्राण्यांच्या मूळ नोंदी अन्य संशोधकांना तपासणीसाठी खुल्या ठेवण्याची रीतही अद्याप पुरती रुजलेली नाही. ती रुजेपर्यंत एखाद्या तालुक्यात किती पिंजरे लावावेत, हा निर्णय हल्ल्यानंतरच्या लोकक्षोभावरच होत राहील.