परग्रहवासी, माणूस आणि वाचकाच्या शंका

मराठी विज्ञानकथेविषयी वाचकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. कथा यंत्रमानवाची किंवा कृष्णविवराची असेल तर वाचक विज्ञानाची बाजू लेखकावर सोपवून मोकळा होतो. कथेत परग्रहावरचा प्राणी उतरला की मात्र प्रत्येकजण परीक्षक बनतो. डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यानिमित्त त्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील केरी येथे आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी व गावातील वाचक एकत्र बसलो आणि वेगवेगळ्या लेखकांच्या अशा काही कथा वाचल्या. शंकांना तोटा नव्हता. त्यांना आपली हवा कशी मानवली? त्यांना दोनच हात कसे? आपली भाषा ते कुठे शिकले? एवढ्या मोठ्या पृथ्वीवर ते नेमके आपल्याकडेच का आले? दोन तासांत शंकांची मोठी यादी झाली आणि कथांविषयी बोलणे राहूनच गेले.

ही सवय वाचकाला काही प्रमाणात नारळीकरांनीच लावली, आणि त्यात वावगे काही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. तेव्हापासून कथेतील विज्ञान ज्ञात नियमांना धरून असावे, हा त्यांचा आग्रह राहिला. जो लेखक हा आग्रह धरतो, त्याच्या कथेचे विज्ञान तपासण्याचा वाचकाला हक्कच आहे. शरीराविषयीची शंका मला म्हणूनच रास्त वाटते. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी, तरी एकाच पाण्यात राहून दोघांचे आकार सारखे झाले, हे खरे. पण तेवढ्यावरून दुसऱ्या ग्रहावरचे मूल माणसाच्या मुलांत न ओळखता खपून जाईल, असे म्हणता येत नाही. 'प्रेषित' वाचताना हा खडा लागतो आणि तो लागू द्यावा.

भाषेच्या शंकेचे तसे नाही. अनोळखी किनाऱ्यावर पाऊल ठेवताच आपली भाषा बोलणारा माणूस भेटणे, हा लेखकाने सोयीसाठी घडवलेला योगायोग आहे, असे एका निवृत्त शिक्षकांनी ठासून सांगितले. परंतु मे १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे कालिकतजवळ आली, तेव्हा त्याने किनाऱ्यावर धाडलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान. ते कास्टिलियन आणि जिनोव्हाची भाषा जाणत होते. त्यांनी त्याचे स्वागत शिवी घालून केले आणि इतक्या दूर काय शोधायला आलात, असे विचारले. ही कथा असती तर आपण लेखकाला वेड्यात काढले असते. पुढे पोर्तुगीजांनी एका देवळाला ख्रिस्ती प्रार्थनामंदिर समजून तेथे प्रार्थना केली. भिंतीवरच्या 'संतां'ना चार-पाच हात आणि बाहेर आलेले दात होते, याची नोंद त्या सफरीतील एकाने आपल्या रोजनिशीत केली आहे; तरी त्याचा समज काही बदलला नाही. सामुद्रीसाठी टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल व मध अशी भेट काढली, तेव्हा त्याचे अधिकारी हसले. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर एक गृहस्थ जहाजावर आला. तो गोव्याच्या आदिलशाही अधिपतीच्या चाकरीत होता, जन्माने ज्यू होता आणि व्हेनिसची भाषा उत्तम बोलत होता. भाषा जुळली म्हणून विश्वास जुळला नाही. त्याला हेर ठरवून फटके मारले गेले. लिस्बनला नेऊन त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तोच गास्पार द गामा या नावाने पोर्तुगीजांचा दुभाषा झाला.

शक्य-अशक्यतेच्या शंकेखाली कथेचा मुद्दा कसा निसटतो, याचे उदाहरण एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या मंगळवासीयांच्या कादंबरीत आहे. मंगळवासी जंतूंनी मरतात हे पटण्यासारखे आहे का, यावर वाचक तासन्‌तास वाद घालतात. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी केलेला संहार आठवून देतात, त्याकडे क्वचितच कोणी वळते.

उर्दूच्या अभ्यासकाला हा वाद नवा नाही. हालींनी १८९३ च्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'मध्ये सादगी आणि जोश यांच्याबरोबर असलियतची मागणी केली. ती काळाची गरज होती, हे मान्य. परंतु तिचे लोण पसरल्यावर दास्तानसारखा प्रकार पोरकट ठरला. दास्तानला कादंबरीच्या मापाने मोजू नये, तिचे नियम तिच्यातूनच शोधावेत, हे शम्सुर्रहमान फारुकी यांना शंभर वर्षांनी पुन्हा सविस्तर मांडावे लागले. आपल्या पेडण्यात तर हे कोणाला शिकवावेही लागत नाही. दशावतारात काळ्या वेषातला, तोंड झाकलेला, लांब जिभेचा संकासुर मालवणीत बोलतो. वेद चोरणाऱ्या असुराला मालवणी कशी येते, असे केरीत आजवर कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. तोच प्रेक्षक विज्ञानकथा हाती घेतली की परग्रहवासीयाच्या व्याकरणावर अडतो.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. या कथांत तपासले जाते ते परग्रहवासीयांना. माणसे तपासणीतून सुटतात. आम्ही वाचलेल्या कथांत पाहुण्याला सामोरे जातो तो एखादा शास्त्रज्ञ, त्याच्या मागे लष्करी अधिकारी, शेवटी पत्रकार परिषद. साऱ्या मानवजातीचे जणू एकच मत असते. तलाठी नसतो, पोलीस पाटील नसतो. जाळे ओढणाऱ्याने पाहुण्याला आधी पाहिले, तर त्याचा जबाब कोण घेणार, हे कोणी सांगत नाही. अंजदीववर १४९८ साली जे घडले, ते या कथांतल्या माणसांना ठाऊकच नसल्यासारखे ते वागतात. अवास्तव काही असेल तर ते हेच, आणि आपले चिकित्सक वाचक त्यावर गप्प असतात.

त्या बैठकीत ही गोष्ट पहिल्यांदा बोलली ती द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी. शहरात खोली शोधताना आडनाव सांगितले की समोरचा दोनदा कसे विचारतो, हे तिला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर, हवा-पाण्याचं जाऊ दे. पण एवढा परका माणूस गावात उतरला आणि कोणी त्याचे कागद कसे मागितले नाहीत?"

आधी सगळे हसले. निवृत्त शिक्षक हसले नाहीत. त्यांनी कथा पुन्हा उघडली आणि तसे वाक्य कुठे आहे का, ते पाहू लागले. पलीकडे तेरेखोलला जायचे होते त्या दोघांनी एक फेरी सोडली, नंतरचीही सोडली.