तेराव्या फेरीचा प्रश्न

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मुष्टियुद्ध कशाला? पण बघा, "जुना अमका विजेता आजच्या तमक्यासमोर टिकला असता का?" यावर खेळाचे शौकीन जितक्या तावातावानं भांडतात, तितक्याच तावातावानं आम्ही तत्त्वज्ञानवाले 'जर-तर'च्या विधानांवर भांडत आलो आहोत. दोघांची अडचण एकच आहे. ती आज आपण रॉकी मार्सियानोच्या निमित्तानं पाहू.

मार्सियानो हा १९५२ ते १९५६ या काळातला हेवीवेट जगज्जेता. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट. न हरता निवृत्त झाला. उंची जेमतेम पाच फूट साडेदहा इंच आणि वजन १८५ पौंडांच्या आसपास, म्हणजे ८४ किलो. हेवीवेटच्या मानानं हा गडी लहानच. हात आखूड, पण दमसास विलक्षण, आणि समोरच्याचे ठोसे खात खात पुढे सरकायची तयारी.

आता हा वाद एका निर्मात्यानं चक्क पडद्यावर आणला. मरे वोरोनर हे त्याचं नाव. मार्सियानो आणि मुहम्मद अली यांच्या कारकिर्दीची माहिती संगणकाला पुरवायची, लढत कशी होईल ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि ती चित्रित करायची, अशी ही योजना. १९६९ साली ४५ वर्षांचा मार्सियानो वजन उतरवून, डोक्यावर केसांचा टोप घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. समोर २७ वर्षांचा अली. एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित झाले. चित्रपट जानेवारी १९७० मध्ये दाखवला गेला. त्यात तेराव्या फेरीत मार्सियानोनं अलीला लोळवलं. ते पाहायला मार्सियानो नव्हता; ऑगस्ट १९६९ मध्येच तो विमान अपघातात गेला होता. आणि युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत? तिथे जखमांमुळे लढत थांबली आणि अली जिंकला!

यावर हसून विषय संपवता येईल. पण मग चित्रपटातली खरी गफलत हातून निसटेल. संगणकानं गणित चुकवलं, ही ती गफलत नाही. त्याला प्रश्नच अर्धवट विचारला होता.

क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञानं एक उदाहरण दिलं आहे. सीझर आजच्या युद्धात सेनापती असता तर त्यानं काय वापरलं असतं? अणुबॉम्ब की दगड फेकणारी यंत्रं? दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात. सीझरचा स्वभाव कायम ठेवून काळ बदललात तर अणुबॉम्ब. त्याचं ज्ञान कायम ठेवलंत तर दगडफेकी यंत्र. 'जर' म्हणताना आपण काय हलवतो आणि काय जागच्या जागी ठेवतो, हे सांगितल्याशिवाय 'तर'ला काही अर्थ येत नाही.

हेच मार्सियानोला लावू. पहिला अर्थ असा: १९५२ चा मार्सियानो जसाच्या तसा उचलून आजच्या रिंगमध्ये ठेवला. याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. आज २०० पौंडांपर्यंतच्या माणसासाठी क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. त्याच्या काळी तो नव्हता. म्हणजे आजच्या नियमांत मार्सियानो हेवीवेटमध्ये जोड म्हणून धरलाच जाणार नाही. २०२४ मध्ये टायसन फ्युरीला दोनदा हरवणारा ओलेक्सांडर उसिक आजच्या हेवीवेटमध्ये लहान समजला जातो. तरीही तो सहा फूट तीन इंच आणि शंभर किलोंच्या वर आहे. शिवाय त्याचे पाय मार्सियानोच्या पायांहून कितीतरी चपळ. आपल्या मते इथे मार्सियानो हरतो. ते मान्य करायला जड जाऊ नये.

दुसरा अर्थ: मार्सियानो आज जन्मला असता तर? आजचा आहार, आजचा सराव, आजचे गुरू. पण मग तो कदाचित क्रूझरवेटचा राजा झाला असता आणि हेवीवेटच्या वाटेलाच गेला नसता. ज्याच्याविषयी आपण भांडत होतो, तो माणूस इथे उरतच नाही.

याहून मोठी मेख नियमांत आहे. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉट जगज्जेता, मार्सियानो आव्हानवीर. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणांत वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा ठोसा बसला आणि लढत संपली. तेव्हा विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये किम डुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. म्हणजे आजच्या नियमानं ती लढत बाराव्या फेरीलाच संपली असती, मार्सियानो गुणांवर हरला असता आणि ४९ विजयांचा तो कोरा करकरीत हिशेब उरलाच नसता.

थांबा. लगेच टाळ्या नकोत. बाराच फेऱ्या आहेत हे ठाऊक असतं तर मार्सियानो तसाच लढला असता का? त्याची सगळी पद्धत लांब पल्ल्याची होती. दंडावर मारायचं, बरगड्यांवर मारायचं, समोरच्याला हळूहळू झिजवायचं आणि दम संपला की गाठायचं. ती पद्धतच पंधरा फेऱ्यांच्या भरवशावर उभी होती. म्हणजे एक नियम हलवला की माणूस हलतो, आणि माणूस हलला की त्याचा प्रतिस्पर्धीही हलतो. मुष्टियोद्ध्याची शैली हे समोरच्यानं टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. वॉलकॉटला दिलेलं उत्तर उसिकपुढे ठेवून तपासणं म्हणजे एका प्रश्नपत्रिकेचं उत्तर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेला जोडून गुण देणं. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ते पटणार कसं?

मग हा प्रश्न लोक इतक्या पोटतिडकीनं का विचारतात? १९७० च्या अमेरिकेकडे पाहा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला अलीनं नकार दिला, म्हणून १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. रिंगमध्ये त्याला कुणीही हरवलं नव्हतं. अशा वेळी न हरलेला गोरा विजेता न हरलेल्या काळ्या विजेत्याला पडद्यावर लोळवतो, हे दृश्य निव्वळ आकडेमोड नव्हतं. रिंगमध्ये जे घडलं नव्हतं ते यंत्राकडून वदवून घेतलं होतं. आणि समुद्रापलीकडचा प्रेक्षक वेगळा, म्हणून शेवटही वेगळा.

जुने की नवे, हा वाद आपण जरूर घालावा. त्यानं जुन्या लढती पुन्हा नीट पाहिल्या जातात. मात्र काय हलवलं आणि काय कायम ठेवलं, ते आधी सांगावं. मोठेपण मोजायचं तर ज्याचं त्यानं आपल्या काळातल्या प्रश्नांना काय उत्तर दिलं यावर मोजावं. त्या मापानं मार्सियानो मोठाच आहे. त्यासाठी त्यानं उसिकला हरवायची गरज नाही.

अलीचंही तसंच. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जो फ्रेझरपुढे उभा राहिला. पंधराव्या फेरीत खाली पडला, उठला आणि गुणांवर हरला. हा निकाल अमेरिकेत आणि युरोपात एकच होता.