‘झुंड’ : भिंतीपलीकडच्या संघाचा इतिहास

क्रीडासंघांचे इतिहास आपल्याकडे बहुधा रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिले जातात. आरंभी अध्यक्षांचे छायाचित्र, मग जिंकलेल्या ढालींची यादी, शेवटी देणगीदारांची नामावळी. मैदान कोणाच्या मालकीचे होते, बुटांना पैसे कोठून आले आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला कोण आले, हे त्यांत सापडावयाचे नाही. फुटबॉलच्या अगदी खालच्या पायरीवरील संघांना तर स्मरणिकाही लाभत नाही. अशा एका संघाची कथा आमच्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ या हिंदी बोलपटात सांगितली. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक बोलणे अमिताभ बच्चन यांच्या भूमिकेविषयीच झाले. एका संघाचा इतिहास या दृष्टीने तो कितपत उतरला आहे, याचा विचार व्हावयास हवा होता तितका झाला नाही.

मूळ हकीकत नागपूरची आहे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील मुले एक फुटकी बादली लाथेने इकडून तिकडे उडवीत खेळताना दिसली. त्यांतून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली होती. नागपूरच्या मुलांची वाट पुढे त्या स्पर्धेपर्यंत गेली. २०१६ साली संस्थेस फिफाचा विविधतेसाठी असलेला पुरस्कार मिळाला. कोणत्याही लीगच्या शेवटच्या विभागात नाव घालावयाचे म्हटले तरी नोंदणी लागते, वर्गणी लागते, पत्ता लागतो. ही मुले त्या शेवटच्या विभागाच्याही खाली उभी होती.

बोलपटात बारशांचे बोराडे झाले आहेत व बादलीच्या जागी प्लॅस्टिकचा डबा आला आहे. बोराडे मुलांना खेळण्याबद्दल पैसे देतात आणि एके दिवशी ते देणे थांबवितात. तोवर मुलांना खेळाची चटक लागलेली असते. हा प्रसंग उत्तम साधला आहे. उपदेशाचा एक शब्द त्यात नाही. वस्तीतील मुलांचे काम नागपूरच्याच नवख्या मुलांनी केले असून त्यांची मराठीमिश्रित, धसमुसळी हिंदी कानाला खरी वाटते. पण महाविद्यालयाच्या संघाशी होणारा सामना मात्र आमच्या मते फसला आहे. प्रथम सपाटून मार खाणारा संघ उत्तरार्धात उसळून उठतो आणि अखेर जिंकतो. असा सामना आपण किती बोलपटांत पाहिला, याची गणती नाही. येथे मंजुळे यांनी स्मरणिकेचीच रीत स्वीकारली आणि ढाल तेवढी दाखविली. रोजचा सराव, आपसांतील भांडणे, कंटाळून सोडून गेलेला एखादा गडी, यांना जागा फार थोडी मिळाली.

बोलपट खरा उभा राहतो तो सामना संपल्यावर. परदेशी जावयाचे म्हणजे पासपोर्ट हवा. पासपोर्टासाठी कागद हवेत. रिंकू राजगुरू यांनी रंगविलेली मोनिका ही गोंड मुलगी आपल्या बापाला घेऊन ओळखीचा पुरावा शोधीत दारोदार हिंडते. आपण आहोत हे सिद्ध करण्याकरिता दुसऱ्या कोणाची तरी सही लागते, आणि तो दुसराही आपला पुरावा मागतो. या प्रसंगांत चेंडू कोठेही नाही, तरी संघाचा इतिहास म्हणतात तो येथेच आहे, असे आम्हांस वाटते. अंकुशवरील पोलिसी खटला हाही त्याच कागदांचा दुसरा भाग. त्याकरिता बोराडे न्यायालयात जे भाषण करतात ते मात्र लांबले आहे. बच्चन यांनी इतरत्र राखलेला संयम तेथे सुटतो आणि मुलांनी आपल्या तोंडाने आधीच सांगितलेली गोष्ट एक मोठा नट पुन्हा सांगू लागतो.

एक गोष्ट प्रस्तुत लेखकास प्रेक्षागृहात बसवेना अशी होती. वस्ती आणि मैदान यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती महाविद्यालयाची आहे. ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची पाटीही तीवर आहे. तीस वर्षे अशाच एका भिंतीच्या आतल्या बाजूस आम्ही इंग्रजी काव्य शिकवीत आलो. सुटीच्या दिवशी कुंपणावरून उड्या टाकून आत शिरणारी पोरे शिपाई हाकलून लावी, आणि खोलीतून ते पाहताना त्याने काही गैर केले असे आमच्या कधी मनात आले नाही. बोराडे निराळे ठरतात ते एवढ्याचसाठी की, खिडकीतून पाहून ते खाली उतरले. बोलपटाने त्यांना देवत्व दिले नसते तर आम्हांस ते अधिक टोचले असते; देवाने केलेली गोष्ट आपल्याकडून व्हावयाची नाही, अशी सोय प्रेक्षकाला मिळून जाते.

बारशांना ती बादली दिसल्यापासून बोलपट येईपर्यंत एकवीस वर्षे गेली. या वर्षांत किती मुले आली, किती पुन्हा जुन्या धंद्यास लागली, कोणी शिक्षक होऊन परतले, याची नोंद तीन तासांच्या आसपास चालणाऱ्या कथेत बसणे कठीण, हे मान्य. परंतु एकाच माणसाच्या दृष्टीपासून आरंभ केल्यामुळे संस्था चालविणाऱ्या इतर हातांना पडद्यावर कामच उरलेले नाही, ही उणीव आम्ही नोंदवून ठेवितो.

स्पर्धेतील सामना मंजुळे यांनी दाखविला नाही, हे फार चांगले केले. विमानतळावर अंकुश तपासणीच्या चौकटीतून जाऊ लागतो, यंत्र पुन्हा पुन्हा ओरडते, खिसे रिकामे करावे लागतात, आणि सवयीने बाळगलेले शस्त्र अखेर टाकावे लागते. मग विमान उडते. खाली ती भिंत दिसते, आणि तीवरची पाटीही.