दोन तासांची आई

‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा हिंदी बोलपट २०२३ च्या मार्चमध्ये आला आणि घरोघरच्या बायकांनी तो डोळे पुसत पाहिला. रडवणारा बोलपट वाईटच असतो असे मानणाऱ्या टीकाकारांपैकी मी नाही. साडी नेसलेली एक बंगाली बाई परक्या देशातल्या रस्त्यावर, आपल्या मुलांना घेऊन चाललेल्या मोटारीमागे धावत सुटते. हा प्रसंग पाहून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही त्याने बोलपटाच्या वाटेला जाऊच नये. राणी मुखर्जी तिथे जीव तोडून धावली आहे. माझी तक्रार अश्रूंबद्दल नाही. ते कोणत्या प्रसंगी काढले आणि कोणता प्रसंग तसाच राहून गेला, याबद्दल आहे.

कथा खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरी राहणाऱ्या एका बंगाली जोडप्याची दोन मुले तिथल्या बालसंरक्षण खात्याने २०११ च्या मे महिन्यात ताब्यात घेतली. धाकटे तर अजून अंगावर पिणारे होते. दोन सरकारांत बोलणी झाली, २०१२ च्या एप्रिलमध्ये मुले काकाच्या हवाली होऊन भारतात आली, आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने ती आईला दिली. दिग्दर्शिका आशिमा छिब्बर यांनी यावरून जो बोलपट रचला त्यात एका बाजूला हाताने भरवणारी, मुलांना कुशीत घेऊन निजणारी, भाळी तीट लावणारी आई आहे. दुसऱ्या बाजूला थंड नजरेच्या, टिपणे घेणाऱ्या सरकारी बायका. यावर नॉर्वेच्या राजदूतांनी जाहीर हरकत घेतली. हाताने भरवले किंवा जवळ निजवले एवढ्यावरून आमच्याकडे कुणाचे मूल काढून घेत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. खरेही असेल. पण असली खाती गुप्ततेने बांधलेली असतात. त्यांना आपले कागद चव्हाट्यावर मांडता येत नाहीत. प्रेक्षकापुढे मग एकच बाजू उरते. लेखकाला ही मोठी सोय आहे, आणि सोयीच्या वाटेने गेलेली कथा बहुधा पातळ होते.

मूल उचलून नेणे ही एका दुपारची गोष्ट. त्यानंतर वर्षानुवर्षे जे चालते त्याचे नाव ‘भेट’. मूल सरकारने नेमलेल्या दुसऱ्या कुटुंबात वाढत असते. आईने केव्हा यावे, किती वेळ बसावे, शेजारी कोण असावे, हे कागदावर ठरलेले असते. माझ्या मते कादंबरीकाराने हात घालावा असा ऐवज इथे आहे, आणि नेमका इथेच हा बोलपट मुलांना उचलून स्वीडनच्या सीमेकडे पळत सुटतो.

नॉर्वेतल्याच एका आईचा दावा स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला होता. तिचा मुलगा २००८ साली जन्मला आणि तीन आठवड्यांचा असतानाच तिच्याजवळून नेला गेला. पुढे तिला भेट ठरवून मिळाली ती वर्षातून चार वेळा, दर खेपेस दोन तास. वाचकांनी बेरीज करून पाहावी. त्या भेटीही पुष्कळदा सांभाळणाऱ्या आईच्या घरी, तिच्या समक्ष आणि देखरेखीखाली. मूल तिला ओळखेना, रडे, आई गोंधळे, आणि जवळ बसलेले माणूस ते टिपून घेई. या भेटींचा दाखला तिच्या विरुद्ध धरला गेला आणि २०११ साली मूल दत्तक देण्यास मंजुरी मिळाली. १० सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की कुटुंबजीवनाच्या हक्काचा भंग झाला आहे. इतक्या थोड्या आणि अशा रीतीने घडवलेल्या भेटींवरून आईच्या कुवतीबद्दल फारसे काही ठरवता येत नाही. मुलगा तोवर अकरा वर्षांचा होत आला होता, आणि कायद्याने दुसऱ्यांचा झाला होता. पुढे २०२० साली नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, भेटी किती हे प्रत्येक मुलाचे पाहून ठरवावे, असे सांगितले.

आम्हा शिक्षकांना असल्या परीक्षेची थोडी चव ठाऊक आहे. तपासणीला आलेले साहेब शेवटच्या बाकावर बसले, की एरवी वर्गाला पोट धरून हसवणारा मास्तर खडू मोडतो आणि तोंडपाठ गोष्ट विसरतो. पण मास्तराला वर्षाचे बाकीचे दिवस असतात. त्या बाईचे वर्ष आठ तासांचे होते.

केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाचा १९९४ चा ‘लेडीबर्ड लेडीबर्ड’ ज्यांना पाहायला मिळेल त्यांनी अवश्य पाहावा. घरातल्या लहानांना मात्र दाखवू नये. मॅगी ही त्याची नायिका देवी नाही. चार मुलांचे चार बाप. मुलांना आश्रयगृहाच्या खोलीत कुलूप लावून ती गाणे म्हणायला जाते आणि मागे आग लागते. सरकारी बाई समोर आली की तिचा तोल जातो, आणि प्रत्येक शिवी तिच्याच कागदांत जमा होते. क्रिसी रॉकला या भूमिकेबद्दल बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले, ते योग्यच. आपण मॅगीवर रागावतो, तिची कीव करतो, आणि खात्यातल्या माणसांच्या जागी आपण काय केले असते ते आपल्याला सांगता येत नाही. ‘मिसेस चॅटर्जी’ पाहताना हा पेच एकदाही पडत नाही.

तो पडायला हवा होता. घंटा वाजल्यावर घरी जायला पाय न उचलणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. दप्तर भरायला ती अर्धा तास लावतात. अशा मुलाच्या भेटीवर कुणी नजर ठेवली तर मी त्याला राक्षस म्हणणार नाही. १९८९ च्या बालहक्क करारात आईबापांशी संबंध राखण्याचा हक्क मुलाचा म्हणून सांगितला आहे, आणि त्याच कलमात मुलाच्या हिताला बाध येत असेल तर अपवादही ठेवला आहे. या बोलपटात मुलांना बोलायलाच फारसे दिलेले नाही. जॅकलीन विल्सन यांच्या ‘द स्टोरी ऑफ ट्रेसी बीकर’ (१९९१) या बालकादंबरीत दहा वर्षांची मुलगी अनाथगृहातून स्वतःच सारे सांगते. तिची आई मोठी नटी आहे, आज ना उद्या ती न्यायला येणार आहे. आई येत नाही. तिला कुणी अडवलेलेही नाही! पोरगी इतक्या फुशारक्या मारते की हसू आवरत नाही, आणि हसता हसता घास अडकतो. हे पुस्तक मुलांच्या हाती खुशाल द्यावे.

मिसेस चॅटर्जीच्या उत्तरार्धाचे मात्र मला कौतुक वाटले. नाव नॉर्वेचे असले तरी शेवटचा सामना कलकत्त्याच्या न्यायालयात, सासरच्या माणसांशी आहे. तिथे भाषा तीच, हाताने भरवण्याला कुणाची ना नाही, तीट कुणाला खुपत नाही. आणि तरी आईला आपल्याच मुलांसाठी दाद मागावी लागते. आमच्या रांगेत ओळखीच्या एक वयस्क बाई होत्या. पहिल्या प्रसंगापासून त्या नॉर्वेवाल्यांचा उद्धार करत होत्या. कलकत्त्याचा भाग सुरू झाला तशा त्या गप्प झाल्या. त्यांची सून दोन वर्षे माहेरी आहे, नातू आजीजवळ.