तैनातजाबता आणि प्रत्यक्ष फौज : एक परीक्षण

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर आजपर्यंत जें लिखाण झालें त्यांत कै. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचा १९२८ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ पहिल्या प्रतीचा गणला जातो, व तो मान त्यास योग्यच आहे. छापील दप्तर, बखरी आणि परकीयांचे लेख यांचा मेळ घालून लष्कराच्या सर्व अंगांचें इतकें सांगोपांग वर्णन त्यापूर्वीं क्वचितच झालें असेल. तथापि ग्रंथाचा मध्यवर्ती सिद्धांत, म्हणजे शिवाजीमहाराजांनीं दाबून टाकलेली सरंजामशाही त्यांच्या पश्चात् पुन्हा माजली व तिनेंच फौज पोखरली, हा जसाच्या तसा पत्करण्यास आम्हांस एक अडचण दिसते. ती अडचण वऱ्हाडानें उभी केली आहे. पूर्वीं दारव्हा तालुक्यांत मोडणारा आणि आतां यवतमाळ जिल्ह्यांतील स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण असलेला नेर परसोपंत हा कसबा दोन वेळां हातचा गेला. एकदां भोसल्यांच्या, एकदां निजामाच्या. पहिल्या वेळीं लढाई तरी झाली. दुसऱ्या वेळीं तीहि नाहीं.

'सरंजामशाही' या एका शब्दाखालीं सेन यांनीं दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. फौजेच्या खर्चास रोकड न देतां मुलूख तोडून देणें, ही एक. आणि जी माणसें आपल्यापाशीं हजर नाहींत तीं हजर आहेत असें धरून राज्याचा हिशेब करणें, ही दुसरी. पहिली गोष्ट थोरल्या माधवरावाच्या वेळींहि पूर्ण भरांत होती. पटवर्धन, रास्ते, विंचूरकर हे सर्व सरंजामदारच. तरीहि १७६३ च्या ऑगस्टांत राक्षसभुवनावर जय मिळाला. कारण त्या दिवशीं पेशव्याच्या स्वतःच्या नजरेखालची हुजुरात रणांत होती, व ती कोठें घालावी हें ठरविणारा धनी स्वतः घोड्यावर होता. मग सरंजाम हेंच ऱ्हासाचें मूळ कसें म्हणावें?

येथें जुन्या कागदांचा संग्रह करणारांनीं थोडें थांबावें अशी विनंति आहे. सरंजामी घराण्यांच्या दप्तरांत बहुधा प्रथम हातीं लागतो तो तैनातजाबता. अमुक महाल लावून दिले, अमुक स्वारांनिशीं चाकरी करावी, असा त्याचा मजकूर. तो पाहतांच आपण उल्हासानें लिहून टाकतों कीं, अमुक सरदाराची फौज इतकी होती. वस्तुतः जाबता हा करार आहे, हजिरी नव्हे. किती माणूस व किती घोडें खरोखर उभें राहिलें हें गणतीच्या यादीवरून, चेहऱ्यांच्या कागदांवरून, नालबंदीच्या व रोजमुऱ्याच्या हिशेबांवरून ठरतें. हे कागद दिसण्यांत रुक्ष. त्यांवर शिक्का नाहीं, मायना नाहीं, मोठ्या माणसाचें नांव नाहीं. म्हणून ते बस्त्यांत तळाशीं राहतात व पुष्कळदां रद्दींत जातात. घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचे चेहरे लिहिण्याची पद्धत अकबरास कां चालवावी लागली, याचें कारण प्रसिद्धच आहे: गणतीस उसनें घोडें आणून उभें करण्याची विद्या फार जुनी आहे. सभासदानें शिलेदारांस पागेच्या तंत्रानें वागविल्याचें जें सांगितलें आहे, त्याचेंहि मर्म हेंच. बारगिराचें घोडें सरकारचें, म्हणून तें आहे कीं नाहीं हें सरकारास माहीत. शिलेदाराचें घोडें त्याचें स्वतःचें. तें मेलें तर त्याची भाकरीच गेली. म्हणून तो तें जपणार, आणि जपतां जपतां घरींहि राहणार.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हुजुरात नांवापुरती उरली व सरंजामदारांशीं धन्याचा उभा दावा पडला. १८०२ अखेर झालेल्या वसईच्या तहानें सहा हजार तैनाती पायदळ आलें व त्याकरितां सव्वीस लक्षांचा मुलूख लावून द्यावा लागला. पुढें कॅप्टन फोर्डच्या हाताखालीं पेशव्याच्याच पैशानें कवायती पलटणी उभ्या राहिल्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीवर तोंड लागलें तेव्हां त्याच पलटणी दापोडीहून येऊन इंग्रजांस मिळाल्या, आणि त्यांचा पोशिंदा पर्वतीवरून पाहत राहिला. बापू गोखल्यानें ऐनवेळीं जमविलेली फौज शौर्यांत उणी नव्हती. ती एकमेकांस ओळखत नव्हती, इतकेंच. १८१८ च्या एप्रिलांत पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल ॲडम्सनें बाजीरावास गांठलें, तेव्हां तिचें जें उरलें होतें तेंहि यवतमाळच्या मुलखांत पांगलें.

परंतु हें सर्व सेन यांच्या सिद्धांतांत कसेंबसें बसवितां येईल. बसत नाहीं तें पुढील प्रकरण. तेथें मराठी सरंजाम नाहीं, आणि रोग मात्र तोच आहे.

१२ ऑक्टोबर १८०० च्या तहानें निजामानें तैनाती फौजेच्या खर्चापोटीं म्हैसूरच्या दोन युद्धांत मिळालेला सर्व मुलूख कंपनीस देऊन टाकला. त्याच तहांत असेंहि ठरलें कीं, युद्ध पडल्यास निजामानें आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार स्वार मदतीस द्यावे. हा पंधरा हजारांचा आंकडा म्हणजे शुद्ध जाबता. १८०३ सालीं मराठ्यांशीं युद्ध पडलें, तेव्हां निजामाच्या स्वारांचा उपयोग किती, याविषयीं इंग्रज सेनापतींनीं केलेल्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. युद्ध मात्र तैनाती फौजेनें जिंकलें. नोव्हेंबर अखेर आडगांवावर मन्याबापू भोसल्याचा मोड झाला, डिसेंबरांत गाविलगड पडला आणि देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडांतील भोसल्यांचा अंमल बहुतेक उठून तो निजामाकडे गेला. जेथें गांवोगांव दोन वसुलदार येत त्या दुअमली मुलखांत, नेर धरून, आतां एकच येऊं लागला.

कागदावरील पंधरा हजार खरे करण्याचा उपाय म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल यानें निजामाच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं एक ब्रिगेड उभी केली. १८१७ च्या डिसेंबरांत महिदपुरावर ती चांगली लढली हें कबूल केलें पाहिजे. पण युद्ध संपलें तरी ती मोडली नाहीं. तहांत मदतीचें कलम युद्धापुरतें होतें. शांततेच्या काळीं ही फौज बाळगण्याचें बंधन निजामावर नव्हतें, हें पुढें खुद्द डलहौसीनें मान्य केलें. तरीहि एलिचपूर, हिंगोली, बोलारम येथील छावण्यांचा पगार चालूच राहिला. दरबाराची स्वतःची जुनी फौज थकलेल्या पगारासाठीं धरणें धरीत बसे, आणि कंटिंजंटचा पगार प्रथम पामर कंपनीचें कर्ज काढून, नंतर इंग्रजी खजिन्यांतून उचल करून भागविला जाई. २१ मे १८५३ रोजीं या उचलीची फेड झाली ती वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब लावून देऊन. त्या तहांत कंटिंजंट किमान पांच हजार पायदळ, दोन हजार स्वार व चार तोफखाने इतकें ठरलें. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत गेले, सुमारें पन्नास लक्षांचें कर्ज सुटलें, वऱ्हाड राहिलें. १९०२ सालीं तें वर्षास पंचवीस लक्षांवर कायमच्या पट्ट्यानें गेलें.

म्हणजे १८०० सालीं जे पंधरा हजार लिहून दिले आणि ठेवले नाहींत, त्यांची किंमत नेरच्या रयतेच्या साऱ्यांतून पन्नास वर्षें वसूल झाली.

हे निर्णय कोणीं केले, हेंहि पाहण्याजोगें आहे. चंदूलाल हा वसुलाच्या कामांत मुरलेला पेशकार. १८४३ पर्यंत हैद्राबादचा कारभार त्याच्या हातीं होता. रसेल मुलकी नोकर. बाजीरावाचें तरुणपण नजरकैदेंत गेलेलें. यांपैकीं कोणासहि स्वारींतला एक पावसाळा ठाऊक नव्हता, म्हणून आंकडा व माणूस यांतील अंतर त्यांस दिसलें नाहीं, किंवा दिसूनहि टोचलें नाहीं. मात्र केवळ लेखणीबहाद्दर म्हणून कोणास दोष देणें अन्यायाचें होईल. नाना फडणीस पानिपतावरून जीव वांचवून आलेला, रणांत कधीं नांवाजलेला नाहीं. पण हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांचें म्हणणें तो ऐकत असे. अननुभव हा दोष नसून अनुभव्याची गणती न मागणें हा दोष होय.

राखीव फौजेवर विसंबणें हेंहि स्वतः वाईट नव्हे. त्याच सुमारास, १८०८ सालीं, नेपोलियननें प्रशियाचें सैन्य ४२,००० वर बांधून टाकलें. प्रशियानें माणसें थोडथोडीं बोलावून, शिकवून, घरीं पाठविण्याचा क्रम धरला व १८१३ सालीं तीं उपयोगास आलीं. गंमत अशी कीं, तेथेंहि या शिकविलेल्या माणसांचा आंकडा पुढील लेखकांनीं वाटेल तसा फुगविला, आणि अलीकडच्या संशोधकांनीं हजेरीचे कागद पाहून तो फार खालीं आणला. जाबत्यास भुलण्याची संवय केवळ आमचीच नाहीं.

सेन यांच्या ग्रंथास लागणारी पुरवणी या दिशेनें व्हावी असें आम्हांस वाटतें. कंटिंजंटच्या पायदळाच्या पलटणी १९२२ सालीं हैद्राबाद रेजिमेंट झाल्या, व १९४५ सालीं त्याच रेजिमेंटास कुमाऊं हें नांव मिळालें. त्यांच्या नोंदी सुरक्षित आहेत व त्यांवर ग्रंथहि झाले. ज्या परगण्यांनीं त्यांस पोसलें तेथील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांची तशी निगा राहिलेली नाहीं. नेर, दारव्हा, कारंजें, एलिचपूर या बाजूस ज्यांच्या संग्रहीं दुअमलीच्या काळचे वसुलाचे ताळेबंद, स्वारांच्या याद्या अथवा नालबंदीचे कागद असतील, त्यांनीं सनदांबरोबर तेहि नकलून प्रसिद्धीस द्यावे. फाटके व अपुरे असले तरी चालतील.