करड्या चष्म्याचा टीकाकार

टीकाकार या जमातीविषयी आमचे मत फारसे बरे नाही; पण लाइट मीटर या खिशात मावणाऱ्या टीकाकाराइतका हटवादी इसम साहित्यातसुद्धा विरळा. १९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने सेलेनियमचा मीटर बाजारात आणला. त्याला बॅटरी लागत नाही. उजेड पडला की त्यातूनच वीज तयार होते आणि काटा हलतो. इथपर्यंत कौतुकच. पण काटा हलण्याआधीच निकाल ठरलेला असतो: समोर काहीही असो, ते मध्यम करडेच! पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारे, ते करडे.

शिरूरला घोडनदीच्या काठी, भर उन्हात, पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी असे एखादे आजोबा उभे करा आणि मीटर सदऱ्यावर रोखा. 'फार उजेड झाला बुवा!' म्हणून स्वारी हात आखडता घेते. सदरा मळकट दिसतो, ते एक वेळ चालेल. पण उन्हाने रापलेला चेहरा पार काळोखात बुडतो. सुरकुत्या गेल्या, डोळे गेले. आणि फिल्मवर जे उतरलेच नाही, ते डार्करूममध्ये ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. कित्येक घरांत आजोबांचा एवढा एकच फोटो असतो हो! हार घालायचा कुणाला? टोपीला?

उलट दौंडला, वाफेची इंजिने होती त्या काळी, यार्डातल्या काळ्याकुट्ट इंजिनावर हाच मीटर रोखला की तो एकदम दानशूर! इंजिन राखुंडी फासल्यासारखे आणि वाफ आभाळात बेपत्ता. धोतराला आणि इंजिनाला सारखेच गुण देणारा परीक्षक! आम्ही कॉमर्सवाले, सरासरीची किंमत जाणतो. पण 'सरासरी खातेदार' काउंटरवर आलेला आजवर पाहिला नाही.

त्यापेक्षा फिल्मच्या खोक्यातला चिठोरा शहाणा. १०० एएसएची फिल्म, लख्ख ऊन: एफ/१६ आणि सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. तो धोतराकडे बघतच नाही, सूर्याकडे बघतो.

मीटरलाही हे शिकवता येते. त्याच्या डोळ्यावर पांढरे टोपण चढवायचे आणि आजोबांच्या हनुवटीपाशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून, तो धरायचा. मग तो आजोबांवर पडणारा उजेड मोजतो. टीकाकाराला लेखकाच्या खुर्चीत बसवावे तसे. आजोबा मात्र विचारतात, "ताप बघताय व्हय?" आणि हसतात. ते हसू मावळायच्या आत कॅमेऱ्यापाशी परत यावे आणि बटण दाबावे.